घड्याळालाही उजेड लागतो
(वाचकांचे प्रश्न, घड्याळजींची उत्तरे)

प्रश्न : काका, नमस्कार. मी चिपळूण तालुक्यात वायरमन आहे. तीन वर्षांपूर्वी बायकोला भिशी लागली तेव्हा तिने मला कॅसिओ कंपनीचं जी-शॉक हे चौकोनी सोलर घड्याळ घेऊन दिलं. खांबावर आपटलं, चिखलात पडलं, त्याला काही झालं नाही. पण यंदा जुलैत त्यावर 'एल' अक्षर दिसायला लागलं. ऑगस्टमध्ये रात्री ब्रेकडाउनला गेलो तर आतला लाइट लागेना. गणपतीच्या आठ दिवस आधी स्क्रीन कोरी झाली. एका दुकानात दाखवलं, त्यांनी सेल गेलाय म्हणून दहा मिनिटांत नवीन टाकून दिला. घड्याळ चालू झालं, पण आता बटण दाबल्यावर टिक आवाज येत नाही आणि सकाळी काचेला आतून वाफ धरते. सोलर घड्याळाचा सेल जातोच कसा?
— एक वायरमन, चिपळूण तालुका

उत्तर : दादा, तुमचा सेल बहुधा ठणठणीत होता, फक्त उपाशी होता. त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी टिक आवाजाचं आणि वाफेचं बघू, कारण ते तातडीचं आहे. त्या दहा मिनिटांत दुकानात काय झालं असेल, ते मला या दोन खुणांवरून बसल्या जागी दिसतं.

या घड्याळाचं मागचं झाकण चार बारीक स्क्रूंवर असतं. झाकण उचललं की मशीनवर एक स्प्रिंग उभी दिसते. तार केसासारखी आणि लांबी तांदळाच्या दाण्याहून कमी. आवाज करणारी चकती झाकणाला आतून चिकटवलेली असते आणि मशीनमधली वीज तिच्यापर्यंत या स्प्रिंगमधूनच पोचते. घड्याळ उघडताना हात जरा हलला की स्प्रिंग उडून टेबलाखाली जाते आणि फरशीच्या फटीत बसते. मग घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, पण मुकं होतं. गजर लावला तरी वाजत नाही. मी झाकण काढल्याबरोबर चिमट्याने ती स्प्रिंग उचलून बाटलीच्या बुचात ठेवतो. मशीनकडे नंतर बघतो.

वाफेचं कारण झाकणाखालची काळी रबर रिंग. ती दोऱ्याएवढी जाड असते. एकदा दाबली गेली की ती त्या खाचेचा आकार धरते, पुन्हा तशीच बसवली तर कुठेतरी पीळ पडतो किंवा कड दबते. घड्याळ उघडलं की रिंग नवी घालायची, तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यायचा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला तर झाकण तिरकं बसतं. ही गोष्ट मला माझ्याच चुकीने कळली. २००९ साली कोयनेच्या शिवसागरात मासेमारी करणाऱ्या एकाने माझ्याकडे असंच घड्याळ आणलं होतं. नवी रिंग दुकानात नव्हती, त्याला गावाकडची एसटी गाठायची होती, मी जुनीच बसवली. चार दिवसांनी तो घड्याळ घेऊन आला, तेव्हा आकड्यांच्या खाली पाण्याची रेष हलत होती. मी त्याला स्वतःच्या पैशाने नवीन घड्याळ दिलं. त्यानंतर रिंग नसेल तर मी झाकणाला हात लावत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

तिसरी गोष्ट तुम्हाला बाहेरून दिसायची नाही. या चौकोनी घड्याळांत सहसा सीटीएल १६१६ नावाचा सेल असतो. तो पुन्हा पुन्हा चार्ज होणारा आहे. नेमक्या त्याच मापाचा, १६ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर जाड, सीआर १६१६ नावाचा साधा सेल कुठल्याही दुकानात मिळतो. तोही खाचेत चपखल बसतो आणि घड्याळ लगेच चालू होतं. पण तो एकदाच वापरून टाकायचा सेल आहे. उजेड पडला की सोलर पट्टी त्याच्यात चार्ज ढकलायला बघणार, आणि असा सेल फुगू शकतो, गळू शकतो. गळलेला सेल मशीन खातो. म्हणून दादा, घड्याळ आजच हातातून काढा, पावसात नेऊ नका, आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. तिथे तिन्ही गोष्टी सांगा : सेल कोणता आहे बघा, रिंग नवी घाला, आवाजाची स्प्रिंग आहे का पाहा. सेल बदलल्यावर मशीनवर 'एसी' लिहिलेल्या ठिपक्याला आणि सेलच्या पाठीला चिमट्याने क्षणभर एकत्र टेकवून रिसेट करावं लागतं. तेही करून मागा. नाहीतर आकडे वेडेवाकडे दिसतात आणि मशीनच गेलं असं वाटतं.

आता मूळ प्रश्न. सोलर घड्याळ म्हणजे कधीच बंद न पडणारं घड्याळ, असं विकणारे सांगतात आणि घेणाऱ्यालाही ते आवडतं. प्रत्यक्षात ते रोज थोडं कमावतं आणि रोज थोडं खर्चतं. आकड्यांच्या भोवतीची काळपट पट्टी कमावते. आवाज, गजर आणि विशेषतः रात्रीचा लाइट खर्च करतात. या चौकोनी घड्याळाच्या पुस्तिकेत एका दिवसाच्या खर्चाला किती उजेड पुरतो ते दिलेलं असतं. बाहेरच्या लख्ख उन्हात ५ मिनिटं. स्वच्छ दिवशी खिडकीत येणाऱ्या उन्हात २४ मिनिटं. ढगाळ दिवशी खिडकीत ४८ मिनिटं. आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली ८ तास. हे आकडे दोनदा वाचा. उन्हाची पाच मिनिटं आणि ट्यूबलाइटचे आठ तास एका तागडीत बसतात.

आता तुमचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगावर रेनकोट, बाही मनगटाच्या खाली. पहाटे अंधारात घर सोडायचं आणि रात्री अंधारात परत यायचं. त्यात कोकणातला पाऊस, वादळात लाइन गेली की रात्रीबेरात्री बोलावणं, म्हणजे घड्याळाचा लाइटही सारखा लावायचा. कमाई शून्य आणि खर्च दुप्पट. पूर्ण भरलेलं घड्याळ उजेडाशिवाय नेहमीच्या वापरात साधारण १० महिने चालतं, पण तुमचं मे महिन्यात पूर्ण भरलेलं होतं का, हे तुम्ही कधी पाहिलं नसणार. कुणीच पाहत नाही. 'एच' म्हणजे भरलेलं, 'एम' म्हणजे मध्यम, 'एल' म्हणजे तळाला गेलेलं. 'एल' आल्यावर लाइट आणि आवाज घड्याळ स्वतःच बंद करतं. पोटाला चिमटा घेऊन ते वेळ तेवढी सांभाळत असतं. तेव्हाच त्याला खिडकीत ठेवायला हवं होतं.

इथून पुढे एवढं करा. दुपारी सेक्शन ऑफिसात डबा खायला बसता तेव्हा घड्याळ काढून खिडकीच्या कठड्यावर तोंड वर करून ठेवा. ढगाळ दिवस असला तरी पाऊण तासात त्या दिवसाचा खर्च निघतो. पूर्ण रिकामं झालेलं भरायला मात्र काही दिवसांचं ऊन लागतं, तेव्हा धीर धरा. जीपच्या बॉनेटवर, पत्र्यावर किंवा काचेमागे डॅशबोर्डवर ठेवू नका. उजेड हवा, ताप नको. हाताला चटका बसेल इतकं तापू दिलं तर आकड्यांची स्क्रीन काळी पडते. साध्या बल्बच्या अगदी खाली धरून चार्ज करणारेही मी पाहिलेत, तेही करू नका.

आणि एक कळकळीने सांगतो. पट्टा रेझिनचा असला तरी झाकण आणि बक्कल स्टीलचं आहे. चालू पॅनलमध्ये हात घालताना किंवा खांबावर चढताना घड्याळ मनगटावर नको. अंगठीही नको. पिशवीच्या पट्ट्याला बाहेरून अडकवा, म्हणजे तुम्ही वर असाल तेवढा वेळ ते खाली उजेड खाईल.

खांबावर आपटूनही त्याला काही झालं नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्याचं श्रेय किकुओ इबे या कॅसिओच्या इंजिनिअरला जातं. वडिलांनी दिलेलं घड्याळ हातातून पडून फुटलं, तेव्हा पडून न फुटणारं घड्याळ करायचं त्यांनी मनावर घेतलं. दोनशेच्या आसपास नमुने त्यांनी इमारतीच्या खिडकीतून खाली टाकून पाहिले. बाहेरचं कवच टिकायचं, पण आतला एखादा भाग तुटायचाच. शेवटी बागेत चेंडू आपटत खेळणारी एक मुलगी पाहताना त्यांना उत्तर सापडलं : चेंडूच्या मधोमध धक्का पोचत नाही. म्हणून मशीन कवचाला घट्ट न आवळता मोजक्या जागी टेकवून जवळपास तरंगतं ठेवलं. एप्रिल १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. मी झाकण उघडतो तेव्हा मशीनभोवतीचं ते मऊ रबर दर वेळी बोटाने दाबून बघतो. दुकानदार रबर फेकून देऊन नुसतं मशीन बसवतात, त्याचा मला फार राग येतो.

प्रश्न : मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. दिवाळीला आला तेव्हा माझ्यासाठी सोलर आणि रेडिओवर आपोआप वेळ लावणारं घड्याळ घेऊन आला. तिकडे रोज रात्री आपोआप लागायचं म्हणे. नाशिकला आल्यापासून ते जर्मनीची वेळ दाखवतं आणि सिग्नलच घेत नाही. बिघडलं आहे का?
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, घड्याळ अगदी चांगलं आहे. त्याला ऐकू येईल असं इथे कुणी बोलतच नाही. फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेनला एक प्रक्षेपण केंद्र आहे, ते ७७.५ किलोहर्ट्झवर अहोरात्र वेळ सांगत असतं. तुमचं घड्याळ तिकडे रात्री तेच ऐकायचं. अशी सहा केंद्रं ही घड्याळं ओळखतात : जपानमध्ये दोन, आणि चीन, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इथे प्रत्येकी एक. भारतात असं केंद्र नाही आणि जर्मनीचा आवाज नाशिकपर्यंत पोचत नाही.

करायचं ते सोपं आहे. घड्याळाच्या सेटिंगमध्ये मुख्य शहर बर्लिनऐवजी दिल्ली करा, यादीत 'डीईएल' असं दिसेल. आता हिवाळ्यात तुम्हाला साडेचार तासांचा फरक दिसत असेल, तो लगेच जाईल. त्यानंतर सेकंद जुळवायचे. सेकंद लुकलुकत असताना बटण दाबलं की ते शून्यावर येतात. रेडिओशिवाय हे घड्याळ महिन्याला जास्तीत जास्त १५ सेकंद पुढेमागे होतं, म्हणून महिन्यातून एकदा हे केलं की झालं. मी दर महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडल्यावर करतो. पूर्वी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर एचएमटीच्या 'जनता' लावायचो, आता मोबाइल समोर धरतो. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर सांभाळते, आणि मोबाइलची वेळ साध्या कामाला पुरेशी अचूक असते.

इतर वाचकांसाठी लिहितो : इथेच राहणार असाल तर रेडिओच्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नका. तेच चौकोनी घड्याळ नुसतं सोलर मिळतं. वेळ आपोआपच लागायला हवी असेल तर ब्लूटूथने मोबाइलशी जोडलं जाणारं घ्या, ते भारतातही चालतं. बाई, तुमचं मात्र मुलाने आणलेलं आहे, ते हातातून काढू नका. कधी त्याच्याकडे गेलात तर शहर पुन्हा बर्लिन करा, रात्री खिडकीशी ठेवा आणि सकाळी बघा.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. काहिलीजवळ उभं राहिलं की घड्याळाचे आकडे काळपट होतात आणि बाहेर आलं की पुन्हा नीट दिसतात. घड्याळ २०० मीटर पाण्यात चालणारं आहे, मग वाफेचं काय एवढं?
— करवीर तालुका

उत्तर : काळपट होणं तापामुळे आहे. स्क्रीनमध्ये द्रव असतो, तो ठराविक तापमानापर्यंतच नीट वागतो. गार झाल्यावर आकडे परत येतात तोवर नुकसान झालेलं नाही, पण रोज रोज तसं केलंत तर एक दिवस ते परत येणार नाहीत. वाफेचं आणि २०० मीटरचं काही नातं नाही. २०० मीटर हा थंड, स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. गरम वाफेत रबर रिंग सैल होते आणि लगेच गार पाण्याने हात धुतला की आतली हवा आकसून बाहेरची ओल आत ओढते. चुलवाणावर उभे राहताना घड्याळ खिशात ठेवू नका, तिथेही ताप असतोच. गुळव्याने पाक बघायला घड्याळाची गरज नसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आधणाची वेळ टिपायची असेल तर घड्याळ दाराजवळच्या खुंटीला लावा. आणि उसाचा रस बटणांच्या फटीत वाळला की बटण चिकटतं, म्हणून संध्याकाळी नळाच्या गार पाण्याखाली धरा. ओलं असताना बटण दाबू नका.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. दोन महिने रजेवर होते, घड्याळ कपाटात होतं. आले तर स्क्रीन कोरी. शिवाय पट्ट्याला बक्कलच्या भोकापाशी चिरा पडल्यात. सॅनिटायझरने असेल का?
— विटा

उत्तर : ताई, ते झोपलेलं आहे. अंधारात तासभर राहिलं की ते स्क्रीन बंद करतं आणि सहासात दिवस अंधारात गेले की वेळ मोजण्यापलीकडचं सगळं थांबवतं. उजेडात आणा किंवा कुठलंही बटण दाबा, एकदोन सेकंदांत आकडे येतील. दोन महिन्यांत ते मरत नाही.

पट्टा मात्र म्हातारा होतोच. घाम, ओल आणि वर्षं, या तिघांनी रेझिन ठिसूळ होतं. या घड्याळात सगळ्यात आधी पट्टा जातो, मग रबर रिंग, आणि सेल सगळ्यात शेवटी. माझं स्वतःचं घड्याळ २०१४ चं आहे. पट्टा दोनदा बदलला, सेल अजून तोच. सॅनिटायझर हातावर पूर्ण वाळू द्या आणि मगच घड्याळ चढवा. ड्युटी संपल्यावर पट्टा साध्या पाण्याने धुऊन कोरडा पुसा, विशेषतः आतली बाजू, तिथे घामाचा पांढरा थर बसतो. नवा पट्टा घेताना झाकणावरचा मॉडेल नंबर वाचून घ्या, नुसतं चौकोनी म्हणून मागू नका, खाचा वेगळ्या असतात. वॉर्डात मनगटावर घड्याळ नको असा नियम असेल तर नाडी मोजायला ते गणवेशाच्या खिशाला बाहेरून अडकवा. उजेडही मिळेल.

प्रश्न : मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटरची वेळ घ्यायला सोलर घड्याळ हवं म्हणतो. घेऊ का?
— माण तालुका

उत्तर : भाऊ, नुसत्या त्याच कामासाठी नको. कॅसिओचं साधं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून मिळतंय. त्याचं स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं आणि सेल सुमारे सात वर्षं चालतो. धावायला हलकंही आहे. पावसाच्या शिंतोड्यांना चालेल, पोहताना मात्र काढायला सांगा. वाचलेल्या पैशांत त्याला चांगले बूट घ्या. माण तालुक्यातल्या खडकाळ रस्त्यावर त्याला त्यांचीच गरज आहे. तो भरती झाला, रात्रपाळी आणि बंदोबस्त सुरू झाले, की मग या सोलर घड्याळाचं बघा. तेव्हा मला पत्र टाका, कुठलं घ्यायचं ते लिहून कळवतो.